वडाच्या सावलीत वाढलेला जगज्जेता

बांधावर मोठा वड असला की त्याच्या सावलीतल्या चार ओळी खुरट्या राहतात. बियाणे तेच, खत तेच, पाणीही तेच. फक्त ऊन पोहोचत नाही. सुगीच्या वेळी कोणी त्या ओळींना नावे ठेवली, तर जाणता शेतकरी म्हणतो, "अहो, आधी सावलीचा हिशोब धरा आणि मग बोला." माणसांच्या बाबतीत मात्र हा हिशोब फारसा कोणी धरत नाही. कर्त्या भावाच्या पाठीवर जन्मलेला धाकटा, नावाजलेल्या सरपंचानंतर निवडून आलेला नवा सरपंच, सुगरण सासूच्या घरात आलेली सून, या सर्वांचे काम आधीच्या माणसाच्या मापाने मोजले जाते. ते कितीही चांगले असले तरी थोडे उणेच भरते.

मुष्टियुद्धाच्या जगात असा एक माणूस होऊन गेला. लॅरी होम्स त्याचे नाव. अमेरिकेचा हा काळा मुष्टियोद्धा १९७८ ते १९८५ अशी सात वर्षांहून अधिक काळ सर्वांत वजनदार गटाचा, म्हणजे हेवीवेटचा, जगज्जेता होता. या काळात वीस जणांनी त्याचे जगज्जेतेपद हिसकावण्याचा प्रयत्न केला आणि वीसही जण हात हलवीत परतले. तरीसुद्धा "आजवरचा सर्वांत मोठा हेवीवेट कोण?" हा वाद रंगला की पहिल्या दमात नावे निघतात ती महंमद अली, जो लुई, रॉकी मार्सियानो, जॉर्ज फोरमन आणि माइक टायसन यांची. होम्सचे नाव कोणीतरी मागाहून आठवून सांगतो.

हे बरोबर आहे काय? होम्सचा नंबर खरोखर कितवा लागतो? तालमीच्या कट्ट्यावर मल्लांबद्दल बोलताना आपण दोन्ही बाजू ऐकून घेतो, तसे या लेखात करून पाहू.

वाट्याच्या शेतातून ईस्टनला

होम्सचा जन्म ३ नोव्हेंबर १९४९ चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातले कथबर्ट हे त्याचे जन्मगाव. हा मुलूख कापसाचा आणि भुईमुगाचा. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करीत. मालकाची जमीन, आपली मेहनत आणि पीक आल्यावर वाटणी, हा व्यवहार आपल्याकडच्या वाचकांना नवा नाही. जॉन आणि फ्लॉसी होम्स यांना बारा मुले झाली. त्यांत लॅरी चौथा.

वाट्याच्या शेतीवर एवढे खटले चालणे कठीण. लॅरी लहान असतानाच हे कुटुंब उत्तरेला पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन या कारखान्यांच्या गावी आले. पुढे वडील कामासाठी दुसऱ्या राज्यात राहू लागले आणि अधूनमधून घरी येत. घर ओढले ते आईने. लॅरीने सातवीतच शाळा सोडली आणि मोटारी धुण्याच्या ठिकाणी तासाला एक डॉलर मजुरीवर तो काम करू लागला. पुढे त्याने खडीच्या खाणीत काम केले, मालट्रक चालवला. मुष्टियुद्ध शिकला तो या कामांच्या जोडीने.

हौशी गटातली त्याची कारकीर्द काही फार गाजली नाही. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी निवड व्हायची होती. त्या स्पर्धेच्या अंतिम लढतीत प्रतिस्पर्ध्याला वारंवार कवळल्याबद्दल पंचांनी त्याला बाद ठरवले. अली, फ्रेझर आणि फोरमन हे तिघेही ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन व्यवसायात उतरले होते. होम्स उतरला तो रिकाम्या हाताने, मार्च १९७३ मध्ये.

अलीचा सरावाचा जोडीदार

पेन्सिल्व्हेनियातच डीअर लेक येथे महंमद अलीचे सरावाचे ठिकाण होते. तेथे होम्सला काम मिळाले ते सरावाच्या जोडीदाराचे. हे काम म्हणजे मोठ्या मुष्टियोद्ध्याने नवे डाव आजमावावेत आणि समोरच्याने ठोसे खावेत. तालमीत वस्तादाच्या पट्ठ्याला जोड म्हणून उभे राहणाऱ्या पोरासारखीच ही गत. एकदा अलीच्या ठोशाने होम्सचा डोळा काळानिळा झाला. सूज उतरावी म्हणून कोणी बर्फ देऊ लागले, तर त्याने तो नाकारला. अलीच्या हातची खूण गावाकडे नेऊन दाखवायची होती, असे होम्स पुढे अनेकदा सांगत असे.

ठोसे खाता खाता तो शिकला. पायांची चपळ हालचाल आणि अंतर राखून लढणे त्याने अलीकडून उचलले. पण त्याचे सर्वांत मोठे हत्यार त्याचे स्वतःचे होते. ते म्हणजे डाव्या हाताचा सरळ ठोसा. मुष्टियुद्धात याला जॅब म्हणतात. हा ठोसा सहसा समोरच्याला पाडत नाही. त्याला अडवतो, त्याची नजर झाकतो, त्याचा तोल बिघडवतो आणि मागून येणाऱ्या उजव्या ठोशाला वाट करून देतो. बैलजोडीत वळणावर जोडी सांभाळणारा बैल असतो, तसे जॅबचे काम. बहुतेकांच्या हातून हा ठोसा नुसता टिचकीसारखा पडतो. होम्सचा जॅब मात्र लांबून येई, भरभर येई आणि लागला की मान मागे झुकवी. हेवीवेट गटातील सर्वांत चांगला जॅब कोणाचा, या प्रश्नाला जाणकार बहुधा होम्सचेच नाव घेतात. या एका बाबतीत अलीचे चाहतेसुद्धा फारसे भांडत नाहीत.

एका गुणाने मिळालेले जगज्जेतेपद

मार्च १९७८ मध्ये होम्सने अर्नी शेव्हर्सला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवले. त्या काळातला सर्वांत जबर ठोसेबाज म्हणून शेव्हर्सचा लौकिक होता. या विजयाने होम्सला जगज्जेतेपदाची लढत मिळाली. ९ जून १९७८ रोजी लास व्हेगास येथे त्याच्यासमोर केन नॉर्टन उभा राहिला. १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवणारा तो हाच नॉर्टन.

त्या वेळी जगज्जेतेपदाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची आणि मध्ये एक मिनिट विसावा. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ किंवा कमी. लढतीच्या आधी होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता. त्याची सारी भिस्त डाव्या हातावर आणि नेमका तोच हात दुखरा. चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही परीक्षकांच्या कागदावर दोघेही बरोबरीत होते. पंधराव्या फेरीत दोघांनी अंगातला शेवटचा जोर काढला. ती फेरी आजही हेवीवेट गटातील सर्वोत्तम फेऱ्यांत गणली जाते. निकाल लागला तेव्हा दोन परीक्षकांनी १४३-१४२ असे होम्सच्या बाजूने आणि तिसऱ्याने १४३-१४२ असेच नॉर्टनच्या बाजूने गुण दिले होते. एका गुणाने होम्स जगज्जेता झाला.

पण येथेही सावली होतीच. त्या वेळी मुष्टियुद्धात दोन संस्था आपापले जगज्जेते ठरवत. होम्सकडे जागतिक मुष्टियुद्ध परिषदेचा पट्टा आला. दुसऱ्या संस्थेचा पट्टा तीनच महिन्यांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, अलीने लिऑन स्पिंक्सकडून परत मिळवला. लोकांच्या मनात जगज्जेता तो अलीच. होम्सला ते अर्ध्या वाटणीचा मालक समजत.

होम्सच्या बाजूने

आता वादाकडे वळू. होम्सच्या बाजूचा पहिला पुरावा टिकाऊपणाचा. एखादा वीर एका दिवसापुरता कोणालाही हरवू शकतो. वर्षानुवर्षे शिखरावर राहणे ही गोष्ट वेगळी. जो लुई १९३७ ते १९४९ असा पावणेबारा वर्षे जगज्जेता होता आणि त्याने पंचवीस वेळा पद राखले. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. त्याच्या खालोखाल ओळीने वीस वेळा पद राखणारा होम्स. त्यातल्या पहिल्या आठ लढती तर त्याने गुणांपर्यंत जाऊच दिल्या नाहीत. आठही प्रतिस्पर्धी वेळेआधीच गारद झाले. युक्रेनच्या व्लादिमीर क्लिचकोने २००६ ते २०१५ या काळात बरीच मजल मारली, पण सलग अठरावर तो थांबला.

दुसरा पुरावा पडून उठण्याचा. २८ सप्टेंबर १९७९ रोजी शेव्हर्स पुन्हा समोर आला. सातव्या फेरीत त्याचा उजवा ठोसा होम्सच्या जबड्यावर असा बसला की तो आडवा झाला. असा फटका खाऊन पुष्कळ जण उठलेच नसते. होम्स उठला, कसाबसा ती फेरी निभावली आणि अकराव्या फेरीत त्यानेच शेव्हर्सला थांबवले. नोव्हेंबर १९८१ मध्ये रेनाल्डो स्नाइप्सने त्याला असेच खाली पाडले होते. तेथेही अखेर होम्सच जिंकला. मोठेपण जिंकताना फारसे कळत नाही, ते भुईवर पाठ लागल्यावर कळते, हे कुस्ती पाहणाऱ्याला सांगायला नको.

तिसरा पुरावा थोडा बारकाईने पाहावा लागतो. होम्सच्या काळात त्याच्या तोडीचे कोणी नव्हते, असा त्याच्यावर आक्षेप घेतला जातो. पण त्याने हरवलेल्या माणसांचे पुढे काय झाले ते पाहा. माइक वीव्हर होम्सकडून १९७९ मध्ये हरला आणि १९८० मध्ये दुसऱ्या संस्थेचा जगज्जेता झाला. टिम विदरस्पून १९८३ मध्ये हरला आणि १९८४ मध्ये जगज्जेता झाला. ट्रेव्हर बर्बिक १९८१ मध्ये हरला, जेम्स स्मिथ १९८४ मध्ये हरला आणि १९८६ मध्ये दोघेही जगज्जेते झाले. ज्याच्याकडून हरलेले चार जण पुढे जगज्जेते होतात, त्याचा काळ दुबळा होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ही माणसे लहान दिसली, कारण होम्सने त्यांना लहान करून दाखवले.

जिंकूनही हरलेली लढत

होम्सच्या कारकिर्दीतली सर्वांत गाजलेली लढत २ ऑक्टोबर १९८० ची. दोन वर्षे रिंगणाबाहेर राहिलेला अली अडतिसाव्या वर्षी परत आला आणि आपल्याच जुन्या सरावाच्या जोडीदारासमोर उभा राहिला. अलीने वजन उतरवले होते, केस काळे केले होते. पाहणाऱ्यांना वाटले, जुना अली परत आला. पण थायरॉइडच्या औषधाने त्याचे अंग आतून पोखरले होते, हे मागाहून कळले.

दहाच्या दहा फेऱ्या तिन्ही परीक्षकांनी होम्सला दिल्या. अलीच्या हातून काहीच होईना. होम्स मारता मारता मध्येच पंचाकडे पाही, जणू आता थांबवा म्हणून विनवीत असावा. दहाव्या फेरीनंतर अलीचा वस्ताद एंजेलो डंडी याने लढत थांबवली. जिंकलेला होम्स रडत होता. लढतीनंतर तो अलीच्या खोलीत गेला आणि त्याच्याबद्दलचे प्रेम त्याने बोलून दाखवले.

या विजयाने त्याच्या पदरात काय पडले? अलीकडून हरला असता तर होम्स नालायक ठरला असता. अलीला हरवले तर म्हातारा माणूस मारला असे लोक म्हणाले. जिंकले तरी उपयोग नाही अशी ही लढत होती. असाच प्रसंग १९५१ मध्ये रॉकी मार्सियानोवर आला होता. सदतीस वर्षांच्या जो लुईला त्याने आठव्या फेरीत पाडले आणि नंतर आपल्या जुन्या दैवतासमोर तो रडला. पण मार्सियानोला लोकांनी ते कधी मोजायला लावले नाही. होम्सला मात्र जन्मभर मोजावे लागले.

त्यानंतर ११ जून १९८२ रोजी गेरी कूनीशी लढत झाली. कूनी गोरा, उंच आणि तोवर अपराजित. गोऱ्या लोकांना बऱ्याच वर्षांनी आपला एखादा जगज्जेता होण्याची आशा वाटू लागली. आयोजकांनी तिकिटे खपवण्यासाठी काळा विरुद्ध गोरा असा रंग त्या लढतीला भरपूर चढवला. आव्हानवीर असूनही कूनीला जगज्जेत्याइतकेच पैसे मिळाले. रिवाजाप्रमाणे जगज्जेत्याचे नाव शेवटी पुकारतात. त्या रात्री होम्सचे नाव आधी पुकारले गेले. होम्सने दुसऱ्याच फेरीत कूनीला खाली पाडले आणि तेराव्या फेरीत कूनीच्या वस्तादाने रिंगणात शिरून आपल्या माणसाला वाचवले. वैर मात्र टिकले नाही. पुढे हे दोघे एकमेकांचे चांगले मित्र झाले.

होम्सच्या विरुद्ध

आता दुसरे पारडे पाहू. न्याय करायचा तर तेही तितक्याच प्रामाणिकपणे भरले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की होम्सने दोन्ही पट्टे कधी एकत्र केले नाहीत. सात वर्षांत दुसऱ्या संस्थेचे जगज्जेते एकामागून एक बदलत गेले. त्यांच्यापैकी कोणाशीही, तो पट्टेधारक असताना, होम्सची लढत झाली नाही. यात मुष्टियुद्धातील राजकारणाचा आणि आयोजकांच्या ओढाताणीचा वाटा मोठा होता, हे खरे. पण लुईला असा प्रश्नच नव्हता. तो होता तेव्हा जगज्जेता एकच असे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ज्यांनी होम्सला अगदी घाम फोडला त्यांना त्याने दुसरी संधी दिली नाही. नॉर्टनशी पुन्हा लढत झाली नाही. मे १९८३ मध्ये विदरस्पूनविरुद्ध परीक्षकांचे मत फुटून तो जिंकला, पण पुन्हा लढला नाही. मे १९८५ मध्ये कार्ल विल्यम्सविरुद्धचा निकाल अनेकांना पटला नव्हता. तेथेही दुसरी लढत नाही. अली फ्रेझरशी तीनदा लढला, नॉर्टनशी तीनदा लढला. मोठेपणाच्या हिशोबात ही बाब होम्सच्या खात्यावर वजाच धरावी लागते.

तिसरा आक्षेप असा की १९८३ च्या अखेरीस त्याने परिषदेचा पट्टा सोडून दिला आणि नव्याने निघालेल्या आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघाचा पट्टा स्वीकारला. त्याच सुमारास तो जो फ्रेझरचा मुलगा मार्व्हिस याच्याशी लढला. मार्व्हिसला अनुभव फारच थोडा. होम्सने पहिल्याच फेरीत त्याला निपचित केले आणि आता लढत थांबवा अशी खूण स्वतःच पंचाला केली. त्यात त्याची माणुसकी दिसली, पण लढत बरोबरीची नव्हती हेही तेवढेच खरे.

अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास

रॉकी मार्सियानो ४९ लढती लढला, ४९ जिंकला आणि न हरता निवृत्त झाला. आपल्या पदासाठीची शेवटची लढत तो जिंकला ती २१ सप्टेंबर १९५५ रोजी. बरोबर तीस वर्षांनी, २१ सप्टेंबर १९८५ रोजी, ४८ विजय आणि शून्य पराभव अशा हिशोबानिशी होम्स रिंगणात उतरला. एक विजय मिळाला की मार्सियानोशी बरोबरी होणार होती. समोर होता मायकेल स्पिंक्स. तो हेवीवेट गटाचा नव्हेच. त्याच्या खालच्या, ७९ किलोच्या, गटाचा जगज्जेता. त्या गटाचा एकही जगज्जेता तोवर हेवीवेटचे पद जिंकू शकला नव्हता.

स्पिंक्स जिंकला. दोन परीक्षकांनी १४३-१४२ असे गुण दिले. सात वर्षांपूर्वी ज्या आकड्याने होम्सला जगज्जेतेपद दिले होते, त्याच आकड्याने ते काढून घेतले. तिसऱ्या परीक्षकाचा फरक थोडा जास्त होता.

हरण्यापेक्षा मोठे नुकसान झाले ते त्यानंतर. मार्सियानोच्या घरची मंडळी त्या दिवशी हजर होती. मार्सियानो स्वतः १९६९ मध्ये विमान अपघातात गेलेला. रागाच्या भरात होम्स वार्ताहरांसमोर त्याच्याबद्दल अतिशय हीन शब्द बोलून गेला. पुढे त्याने माफी मागितली, पण सुटलेला शब्द आणि सुटलेला बाण परत येत नाही. सात वर्षांत मिळवलेली सहानुभूती त्या एका वाक्याने गेली. एप्रिल १९८६ मध्ये स्पिंक्सशी दुसरी लढत झाली. तीत होम्सच जिंकला असे अनेक पाहणाऱ्यांचे मत होते. पण परीक्षकांचे मत फुटले आणि निकाल पुन्हा स्पिंक्सच्या बाजूने लागला.

उतरत्या उन्हातले काम

२२ जानेवारी १९८८ रोजी माइक टायसनने होम्सला चौथ्या फेरीत तीनदा खाली पाडले. टायसन तेव्हा एकवीस वर्षांचा. जवळजवळ पावणेदोन वर्षे घरी बसून आलेला होम्स अडतिसाचा, म्हणजे होम्ससमोर अली जेवढा होता तेवढाच. टायसन मोठा म्हणणारे लोक या लढतीचा दाखला देतात. पण मग १९८० च्या लढतीचा दाखला देऊन होम्स अलीहून मोठा असे का म्हणत नाहीत? माप एकच हवे.

पुढे जे घडले ते फारसे कोणी ध्यानात घेत नाही. १९९१ मध्ये होम्स परत आला. फेब्रुवारी १९९२ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने रे मर्सरला हरवले. मर्सर ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता आणि तोवर अपराजित. होम्स कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहिला आणि जॅबच्या जोरावर त्या तरण्याबांड गड्याला त्याने शाळेतल्या पोरासारखे शिकवले. त्याच वर्षी जगज्जेता इव्हँडर होलिफील्ड याच्यासमोर तो बारा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर हरला. १९९५ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी ऑलिव्हर मॅक्कॉलविरुद्धही असेच झाले. शेवटची लढत २००२ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, आणि तीही जिंकली.

एकूण हिशोब ७५ लढती, ६९ विजय, ६ पराभव. सहापैकी पाच पराभव गुणांवर. एवढ्या वर्षांत होम्सला मुदतीआधी थांबवणारा माणूस एकच, टायसन. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिमंदिरात त्याचे नाव कोरले गेले.

मग नंबर कितवा?

पंगतीतले पहिले दोन पाट लुई आणि अली यांचे. यात आम्हाला शंका नाही. लुईइतका काळ कोणी टिकला नाही आणि अलीइतक्या तगड्या माणसांना कोणी हरवले नाही. लिस्टन, फ्रेझर, फोरमन ही नावेच पुरेशी आहेत.

भांडण आहे ते तिसऱ्या पाटाचे. मार्सियानो कधीच हरला नाही, हा त्याचा मोठा मान. पण जगज्जेता म्हणून त्याने पद राखले ते सहा वेळा, आणि त्याने हरवलेल्या नामवंतांपैकी बरेच जण उतरणीला लागलेले होते. फोरमनचा ठोसा होम्सपेक्षा कितीतरी जड. फ्रेझर आणि नॉर्टन यांना त्याने प्रत्येकी दोन फेऱ्यांत झोपवले, आणि १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जगज्जेता होऊन त्याने चमत्कारच केला. पण पहिल्या खेपेला त्याचे राज्य दोन वर्षेही टिकले नाही. टायसन विजेसारखा चमकला आणि विजेसारखाच थोडा वेळ. अलीकडचे मुष्टियोद्धे तर शंभर किलोंच्या बरेच वर असतात. जुन्या-नव्यांची प्रत्यक्ष लढत कल्पनेतच लावायची, तर ज्याचे त्याला मन.

आमच्या मते तिसरा पाट होम्सचा. एका रात्रीचा जोर हे माप धरले तर तो खाली जाईल. पण सात वर्षे, वीस लढती, दुखरा हात, दोनदा भुईवर पडून उठणे आणि म्हातारपणीसुद्धा तरुणांना घाम फोडणे, हे सगळे एकत्र तोलले तर त्याच्यापुढे दोनच माणसे उरतात. त्याची चूक एवढीच की तो अलीच्या मागून आला. अलीला बोलता येई, हसवता येई, जगाला आपलेसे करता येई. होम्सला फक्त काम करता येई. जग बोलणाऱ्याला लक्षात ठेवते. काम करणाऱ्याचा हिशोब कोणीतरी बसून मांडावा लागतो.

आणखी एका बाबतीत मात्र होम्सने थोरामोठ्यांनाही मागे टाकले, आणि ती बाब आपल्या घराघरांत सांगण्यासारखी आहे. लुईने १९४२ मध्ये दोन लढतींची कमाई आरमाराच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली, देशासाठी गणवेश चढवला, आणि तरीही पुढची कित्येक वर्षे तो करवसुलीच्या कर्जात रुतून राहिला. हाताशी लाखो डॉलर आलेले अनेक मुष्टियोद्धे शेवटी कफल्लक झाले. सातवी न झालेल्या होम्सने मिळालेला पैसा ईस्टनमध्येच इमारतींत, उपाहारगृहांत, धंद्यात घातला आणि तो त्याच गावी राहिला. गावाने एका रस्त्याला त्याचे नाव दिले. २०१५ मध्ये तेथे त्याचा पुतळाही उभा राहिला. वाट्याच्या शेतातून उठून आलेल्या माणसाने स्वतःच्या मालकीचे काही उभे केले आणि ते राखले.

घरात, गावात, शिवारात कोणा कर्त्या माणसाच्या मागून आलेल्या धाकट्याला आपण बोल लावत असू, तर त्याचाही हिशोब एकदा नीट मांडून पाहावा. सावली वजा केली तर कदाचित त्याच्याही पदरात वीस लढती निघतील.